चिनी फ्लॅगशिप फोनचे आकडे परभणीच्या उन्हात कसे वाचावेत

माझा चुलत भाऊ गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी शेती करतो. कापूस विकून झाल्यावर त्याने मला विचारले, "दादा, सत्तर हजाराचा फोन घ्यायलोय. घेऊ का?" सोबत त्याने जाहिरातीचे एक चित्र पाठवले होते. त्यात पंधरा-वीस आकडे होते: गिगाहर्ट्झ, मेगापिक्सेल, निट्स, वॉट, एमएएच. मी परभणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे उत्तर देणे मला भागच होते. त्यातला बहुतेक एकही आकडा खोटा नव्हता. मात्र तो कोणत्या परिस्थितीत आणि किती वेळापुरता खरा आहे, हे त्या चित्रात कुठेही लिहिलेले नव्हते. महागड्या फोनची पारख करताना हाच प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारावा लागतो, आणि मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर पुष्कळदा जाहिरातीपेक्षा वेगळे मिळते.

फ्लॅगशिप म्हणजे कंपनीचा त्या वर्षीचा सर्वांत वरच्या दर्जाचा फोन. शाओमी, वनप्लस, ओप्पो, व्हिवो या चिनी कंपन्यांचे असे फोन आपल्याकडे साधारण साठ हजारांपासून लाखाच्या घरात विकले जातात. वनप्लस १३ हा फोन जानेवारी २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९९ रुपयांपासून सुरू होत होती. "चिनी फोन" म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, ते या फोनवरून समजून घेता येईल. त्याचा स्नॅपड्रॅगन ८ एलिट हा प्रोसेसर अमेरिकेच्या क्वालकॉमने आखलेला आणि तैवानच्या टीएसएमसीने घडवलेला आहे, मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, जपानच्या सोनीचा आहे, पडदा चीनच्या बीओईचा आहे आणि सॉफ्टवेअरचा गाभा गूगलचे अँड्रॉइड आहे. यातले बरेचसे भाग इतर कंपन्यांनाही विकत मिळतात. कंपनीचे स्वतःचे कर्तृत्व दिसते ते या भागांची उष्णता सांभाळण्यात, बॅटरी आणि चार्जिंगच्या रचनेत, फोटोवर होणाऱ्या प्रक्रियेत आणि विक्रीनंतर कित्येक वर्षे दिल्या जाणाऱ्या अपडेटमध्ये. म्हणून भागांची नावे वाचून थांबू नये, या चार गोष्टी तपासाव्यात.

सुरुवात उष्णतेपासून करतो, कारण आपल्या भागात इतर अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत.

फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसर तापला की ती उष्णता व्हेपर चेंबर नावाच्या एका पातळ, चपट्या धातूच्या पोकळीत जाते. तिच्यात अगदी थोडे द्रव असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा द्रव होते आणि परत येते. या फेऱ्यांमुळे उष्णता फोनभर पसरते, पण ती नाहीशी होत नाही. शेवटी ती फोनच्या पाठीवरून आणि पडद्यावरून हवेतच जावी लागते, आणि हवेत किती उष्णता जाईल हे ढोबळमानाने फोनचा पृष्ठभाग आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. फोन हातात धरवेल अशी मर्यादा ४५ अंश धरू. ज्या वातानुकूलित खोलीत बहुतेक परीक्षणे होतात तिथे हवा २५ अंशांची असते, म्हणजे फरक २० अंशांचा. परभणीत किंवा नांदेडला मे महिन्याच्या दुपारी हवा ४२ अंशांची असते, म्हणजे फरक अवघा ३ अंशांचा. त्याच फोनची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे सातव्या हिश्शावर येते. फोन तोच, प्रोसेसर तोच, पण त्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

अशा वेळी फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. स्नॅपड्रॅगन ८ एलिटमधील दोन मुख्य गाभे (कोर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे भाग) ४.३२ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात हे खरे आहे, परंतु ते तसे धावतात काही सेकंदांपुरते, एखादे ॲप उघडताना किंवा फोटोवर प्रक्रिया होताना. त्यामुळे एका दमात मोजलेले बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या ॲपच्या चाचणीचे, गुण पाहण्यापेक्षा सलग वीस मिनिटे राबवल्यानंतर किती गुण टिकले ते पाहावे. थ्रीडीमार्क या ॲपमधील वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट एका मिनिटाची चाचणी वीस वेळा सलग घेते आणि सर्वांत कमी गुण सर्वाधिक गुणांच्या किती टक्के राहिले ते दाखवते. ही चाचणी मी एका मित्राच्या फ्लॅगशिपवर दोनदा घेतली, एकदा रात्री कूलरसमोर आणि एकदा दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या सावलीत. दुपारची चाचणी पुरी होण्याआधीच पडदा मंद झाला आणि फोन गरम झाल्याची सूचना आली. हा त्या फोनचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण उष्णतेचे नियम सर्व कंपन्यांना सारखेच लागू आहेत. पण मे महिन्यातल्या दुपारी सत्तर हजारांचा फोन पस्तीस हजारांच्या फोनइतकेच काम देणार असेल, तर ते आधी माहीत असावे.

बेंचमार्कविषयी आणखी एक गोष्ट. २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिकेतील फोन क्रोमसारख्या रोजच्या अनेक ॲपना कमी वेगाने चालवतात आणि चाचणीच्या ॲपना मात्र पूर्ण वेग देतात, असे आढळले. गीकबेंच या चाचणीच्या ॲपने त्या फोनचे गुण आपल्या यादीतून काढून टाकले. बॅटरी वाचावी आणि फोन कमी तापावा म्हणून असे केल्याचे कंपनीने सांगितले. रोजच्या वापरात कदाचित ते ग्राहकाच्या हिताचेही असेल, पण मग चाचणीच्या गुणांचा आणि रोजच्या अनुभवाचा संबंध तुटतो. म्हणून मी त्या गुणांना फारसे वजन देत नाही.

पडद्याची प्रखरता निट्समध्ये मोजतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला प्रकाश. वनप्लस १२ च्या जाहिरातीत ४,५०० निट्स हा आकडा होता. तो शिखराचा आकडा आहे, म्हणजे विशिष्ट व्हिडिओ चालू असताना पडद्याच्या लहानशा भागाने काही काळ गाठलेली प्रखरता. उन्हात संपूर्ण पडदा जितका उजळतो त्याचा आकडा कंपनी वेगळा देते आणि तो १,६०० निट्स आहे. शेतात उभे राहून बाजारभाव वाचायचा असेल तर उपयोगाचा आकडा हा दुसरा आहे, आणि तोदेखील फोन तापला की खाली येतो. हे तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. दुकानातून फोन बाहेर उन्हात आणावा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर उघडावा आणि दहा मिनिटे वाचत राहावे. पहिल्या मिनिटाला सगळेच फोन छान दिसतात.

बॅटरीच्या बाबतीत चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत खरोखर मोठे काम केले आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाला आजवर ग्रॅफाइट वापरले जाई. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच इतका विद्युतभार साठवू शकते. सिलिकॉनची क्षमता त्याच्या जवळपास दसपट आहे, परंतु भार घेताना सिलिकॉन फुगून सुमारे तिप्पट होते आणि बॅटरी आतून फाटू शकते. म्हणून सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या सांगाड्यात बसवून ते ग्रॅफाइटमध्ये मिसळतात. यालाच सिलिकॉन-कार्बन बॅटरी म्हणतात. फोन जाड न करता ६,००० एमएएचची बॅटरी बसू लागली ती यामुळे, आणि वनप्लस १३ व व्हिवो एक्स२०० प्रो या दोन्ही फोनमध्ये ती आहे. जिथे शेतीची लाइट कधी दिवसा तर कधी रात्री पाळीने येते, तिथे दीड दिवस टिकणाऱ्या बॅटरीची किंमत शहरातल्या परीक्षकाला पूर्ण कळणे अवघड आहे.

चार्जिंगच्या वॉटचा आकडा मात्र हिशेब करून पाहावा. ६,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे २३ वॉट-तास ऊर्जा. १०० वॉटचा चार्जर तो वेग शेवटपर्यंत टिकवत असता, तर ती चौदा मिनिटांत भरली असती. वनप्लस १३ साठी कंपनी स्वतः सुमारे ३६ मिनिटे सांगते, म्हणजे सरासरी वेग ४० वॉटच्याही आतच पडतो. यात फसवणूक नाही. बॅटरी भरत आली की तिला हळूहळूच भार द्यावा लागतो, नाहीतर तिचे आयुष्य घटते. आपल्यासाठी यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास पोहोचली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात जलद चार्जिंग जलद राहत नाही. आणि हा वेग कंपनीच्याच चार्जरने व केबलने मिळतो. ती केबल हरवली आणि तालुक्याच्या गावी साधी केबल घेतली, तर फोन भरेल, पण त्या वेगाने भरणार नाही.

आता नेटवर्क. शहरी परीक्षणांत या विषयाला दोन ओळी मिळतात. गावात राहणाऱ्याने मात्र त्यासाठी एक अख्खा दिवस द्यावा.

भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मुख्यतः ३,३०० मेगाहर्ट्झच्या वारंवारतेच्या पट्ट्यात (बँडमध्ये) चालते, ज्याला एन७८ म्हणतात. हा पट्टा वेगवान आहे, पण त्याच्या लहरी फार दूर पोहोचत नाहीत आणि भिंतींत सहज अडतात. जिओने त्यासोबत ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ हा पट्टा २०२२ च्या लिलावात घेतला. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पसरतात आणि भिंतीतूनही जास्त चांगल्या आत येतात. टॉवर दोन-तीन किलोमीटरवर आणि घर जाड भिंतींचे, वर माळवद किंवा पत्रे, अशी स्थिती असेल तर फोनमध्ये एन२८ आहे की नाही यावर घरात बोलणे होईल की अंगणात यावे लागेल हे ठरू शकते. फोनमध्ये कोणते पट्टे आहेत त्याची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या फोनच्या तपशिलात असते. चीनमधून परस्पर आणलेले फोन काही दुकानांत दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळतात. त्यांच्यात भारतातले सर्व पट्टे असतीलच असे नाही, गूगलच्या सेवा आधीपासून बसवलेल्या नसतात आणि भारतातली वॉरंटीही सहसा लागू होत नाही. असे फोन मी कोणालाही सुचवत नाही.

नेटवर्कच्या रेघा मोजू नयेत, कारण किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. उणे ९० पेक्षा वरचा आकडा, म्हणजे उणे ८५ किंवा उणे ८०, चांगला समजावा. उणे ११० च्या खाली बोलणे तुटू लागते. प्रत्येक १० चा फरक म्हणजे ताकदीत दसपट फरक. एकाच कंपनीची दोन सिमे जुन्या आणि नव्या फोनमध्ये घालून, दोन्ही फोन घरातल्या त्याच कोनाड्यात ठेवून आकडे लिहून घ्यावेत. सिग्नल क्षीण असला की फोनला टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्ती लावावी लागते, त्यामुळे तो तापतो आणि बॅटरीही लवकर संपते. शहरात दीड दिवस टिकणारा फोन गावात संध्याकाळीच मान टाकतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कॅमेऱ्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि जाहिरातीही सर्वांत जास्त त्याच्याच असतात. शाओमीबरोबर लायका, व्हिवोबरोबर झाइस आणि २०२५ पर्यंत वनप्लसबरोबर हॅसलब्लाड, अशी कॅमेरे व भिंगे बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांची नावे जोडली गेली. या भागीदारीत रंगांची जुळवणी आणि भिंगांची चाचणी यांवर खरे काम होते, पण त्या नावामुळे फोनमध्ये त्या कंपन्यांचा स्वतंत्र कॅमेरा येत नाही. फोटोचा पाया सेन्सरचा आकार हाच असतो. शाओमी १४ अल्ट्रामध्ये एक इंची सेन्सर आहे असे म्हणतात. प्रत्यक्षात त्याचा कर्ण सुमारे १६ मिलिमीटर असतो, कारण ही मापनपद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांच्या बाहेरील व्यासावरून आली आहे. तरीही फोनच्या मानाने हा सेन्सर फार मोठा आहे. मेगापिक्सेलचा आकडा त्यामानाने दुय्यम आहे. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या फोटोत चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो, आणि अंधारात ते बरेच चांगले असते.

माझी चाचणीची जागा वेरूळ आहे. कैलास लेण्याच्या अंगणात सकाळी अकराच्या सुमारास उभे राहिले की समोर काळा बेसाल्ट सावलीत असतो आणि वर आकाश लखलखीत असते. दगडावरचे कोरीव काम आणि आकाशाचा निळा रंग, दोन्ही एकाच फोटोत राहिले पाहिजेत. बहुतेक फोन इथे सावली इतकी उजळवतात की दगड राखाडी, सपाट दिसू लागतो आणि छिन्नीच्या खुणांची खोली जाते. अजिंठ्याला फ्लॅश वापरण्यास बंदी आहे, ती पाळावी, आणि त्या मंद प्रकाशात फोन रंग खरे ठेवतो की स्वतःच्या मनाने गडद करतो ते पाहावे.

दुसरी चाचणी घरातच करता येते. आपल्या घरातल्या सावळ्या माणसाचा दुपारच्या प्रकाशात फोटो काढावा आणि तो माणूस समोर असतानाच पडद्यावरच्या चेहऱ्याशी ताडून पाहावा. चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सुधारणा काही फोनमध्ये आधीपासूनच चालू असते. ती बंद केल्यावरही रंग उजळत असेल, तर मी तो कॅमेरा नापास करतो. आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसणारा फोटो वीस वर्षांनी कोणाच्या उपयोगाचा? दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या झूमचीही अशीच परीक्षा घ्यावी. भिंगाच्या क्षमतेपलीकडे गेल्यावर फोन तपशील अंदाजाने रंगवतो. मी एका फोनवर रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो तीसपट झूमवर घेतला. त्यात साधी अक्षरे वाचता आली, पण जोडाक्षरांच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे निरर्थक आकार उमटले होते.

सॉफ्टवेअरमध्ये पहिला प्रश्न अपडेटचा. वनप्लस १३ साठी कंपनीने अँड्रॉइडच्या चार मोठ्या आवृत्त्या आणि सहा वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ मालिकेपासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. या बाबतीत बहुतेक चिनी कंपन्या अजून मागे आहेत. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, त्यामुळे गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप सवलतीत घेतला तर एक वर्ष आधीच संपलेले असते. सवलत त्या हिशेबाने पुरेशी आहे का, ते पाहावे.

दुसरा प्रश्न पार्श्वभूमीतल्या ॲपचा आहे. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक चिनी कंपन्यांची सॉफ्टवेअर पडद्यावर नसलेली ॲप लवकर बंद करतात. मग व्हॉट्सॲपचा निरोप तासाभराने दिसतो, पंपाच्या मोबाइल स्टार्टरच्या ॲपची सूचना येतच नाही. ज्या ॲपवर काम अवलंबून आहे त्याला बॅटरीच्या सेटिंगमध्ये पार्श्वभूमीत चालण्याची मुभा द्यावी, आणि ती देऊनही ते बंद पडत असेल तर ती फोनची उणीव मानावी. माहितीच्या गोपनीयतेबद्दल शंका घेणे रास्त आहे. २०२० मध्ये शाओमीचा ब्राउझर खासगी खिडकीतल्या वापराचीही माहिती गोळा करतो, असे संशोधकांनी दाखवले. कंपनीने गैरवापराचा आरोप नाकारला, पण अपडेट देऊन ते बंद करण्याचा पर्याय दिला. नवा फोन सुरू करताना पुढे येणाऱ्या प्रत्येक संमतीला न वाचता होकार देऊ नये.

धुळीबद्दल थोडक्यात. धूळ आणि पाण्यापासून फोन किती सुरक्षित आहे हे सांगणाऱ्या आयपी६८ या श्रेणीमधला ६ धुळीसाठी आहे आणि ती धुळीच्या बाबतीतली सर्वांत वरची पायरी आहे. ८ हा गोड्या, स्वच्छ पाण्यात केलेल्या चाचणीचा आकडा आहे. फवारणीचे औषध, साबणाचे पाणी, घाम यांची परीक्षा त्यात नसते, आणि पाण्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

फोन घेण्याआधी कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावी आहे की छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल, आणि पडदा बदलण्याचा खर्च किती, हे विचारून लिहून घ्यावे. पेटीवरचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, *#०६# लावून दिसणाऱ्या क्रमांकाशी जुळवावा, आणि एसएमएसमध्ये केवायएम (KYM) लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ या नंबरवर पाठवून फोन वैध असल्याची खात्री करावी. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेव्हा पक्के बिल न देणारा दुकानदार ग्राहकाची वॉरंटीही धोक्यात घालतो.

भावाने शेवटी त्याच कंपनीचा तोच फोन असलेला गावातला एक शिक्षक शोधला आणि एक दिवस तो फोन मागून घेतला. संध्याकाळी त्याने मला आकडे सांगितले: अंगणात उणे ९४, माळवदाखाली उणे १०८, आणि त्याच्या जुन्या फोनवर त्याच जागी उणे ११५. दुपारी दोन वाजता बांधावर पडदा वाचता आला, पण व्हिडिओ कॉल पंधरा मिनिटे चालल्यावर तो मंद झाला. "घरात बोलणं व्हायलंय, हे लई झालं," तो म्हणाला. कॅमेऱ्याची परीक्षा अजून बाकी आहे. ती तो येत्या रविवारी आमच्या मोठ्या काकूंचा फोटो काढून करणार आहे.